अमृतातला ऋ, अँब्रोशियातला ब

(वाचकांचे प्रश्न, शब्दांची उत्तरं)

या महिन्यात ग्रीक पुराणकथांमधल्या शब्दांविषयी बरेच प्रश्न आले. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. काही पत्रांमध्ये एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत होती. ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : ग्रीक देव अँब्रोशिया खातात आणि नेक्टर पितात. आपले देव अमृत पितात. अँब्रोशिया आणि अमृत हे शब्द कानाला जवळचे वाटतात. ग्रीकांनी हा शब्द आपल्याकडून उचलला का? (फोंडा)

शब्द सख्खे आहेत, पण उचललेले नाहीत. एकाच घरातून दोन वाटांनी गेलेल्या भावंडांसारखं हे नातं आहे, आणि ते शब्दाचे तुकडे करून दाखवता येतं.

आधी अमृत. यात तीन तुकडे आहेत : 'अ' म्हणजे नाही, 'मृ' म्हणजे मरणे आणि 'त' हा भूतकाळवाचक प्रत्यय. मेलेलं नाही, मरत नाही ते अमृत. आता ग्रीक. अँब्रोशियाच्या मुळाशी 'अम्ब्रोतोस' हे विशेषण आहे, अर्थ अमर. त्याला 'इओस' प्रत्यय लागला की 'अम्ब्रोसिओस', आणि त्याचं स्त्रीलिंग 'अम्ब्रोसिया'. 'त'चा 'स' झाला तो पुढच्या 'इ'मुळे. ग्रीकमध्ये हे नेहमीच होतं : 'प्लूतोस' म्हणजे संपत्ती आणि 'प्लूसिओस' म्हणजे श्रीमंत. म्हणजे अम्ब्रोतोसचे तुकडेही तेच, अ, मृ आणि त. फक्त ऋच्या जागी ग्रीकने 'रो' केला.

उरला तो मधला 'ब'. खरी गंमत तिथेच आहे, आणि ती समजायला ग्रीक यावं लागत नाही.

'अम्र' हे अक्षर सावकाश उच्चारून पाहा. 'म'साठी ओठ मिटतात आणि हवा नाकातून जाते. पुढच्या 'र'साठी दोन गोष्टी व्हाव्या लागतात : नाकाची वाट बंद आणि ओठ उघडे. दोन्ही एकाच क्षणी झालं तर 'म्र' स्वच्छ येतो. पण नाकाची वाट क्षणभर आधी बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच असले, तर तोंडात कोंडलेली हवा ओठ उघडताना 'ब' होऊन बाहेर पडते. 'अम्र'चं 'अम्ब्र' होतं. हा कुणाचा अपभ्रंश नव्हे, तोंडाची रचनाच तशी आहे.

हेच आपल्या भाषेत घडलं आहे आणि त्याचं फळ दर उन्हाळ्यात आपण खातो. संस्कृत 'आम्र', प्राकृत 'अंब', मराठी 'आंबा', कोकणी 'आंबो'. आम्रात 'ब' नव्हता. तो 'म' आणि 'र' यांच्या फटीतून आला, मग 'र' गळाला आणि 'ब' राहिला. 'ताम्र'चं 'तांबं' झालं तेही याच रीतीने. मानकुरादातला 'आंबा' आणि ग्रीक देवांचा अँब्रोशिया यांच्यातला 'ब' एकाच कारणाने जन्मला. शब्द मात्र वेगळे, हे ध्यानात असू द्या : आंब्याचा अँब्रोशियाशी अर्थाने काही संबंध नाही. पोर्तुगीजमध्येही हेच दिसतं. खांद्याला लॅटिनमध्ये 'उमेरुस', पोर्तुगीजमध्ये 'ओंब्रु'. मधला 'ए' गळाला, 'म' आणि 'र' शेजारी आले आणि 'ब' उगवला.

आता 'उचलला का?' या भागाकडे. उसना घेतलेला शब्द ओळखायची एक खूण आहे : तो मूळ शब्दासारखा दिसतो, कारण तो उशिरा आलेला असतो आणि झिजायला त्याला वेळ मिळालेला नसतो. ग्रीकांनी भारतातला माल घेतला तेव्हा नावंही घेतली. पिप्पलीचं 'पेपेरि' झालं, सक्खराचं (शर्करेचं पाली रूप) 'साक्खारोन'. ही नावं पाहिली की माल कुठला ते लगेच कळतं. 'अम्ब्रोतोस' तसा नाही. त्यात ग्रीकचे स्वतःचे जुने ध्वनिबदल पूर्ण झालेले आहेत. शिवाय त्याचा अख्खा कुटुंबकबिला ग्रीकमध्ये आहे : 'ब्रोतोस' म्हणजे मर्त्य माणूस. (शब्दाच्या सुरुवातीला 'म्ब्र' ग्रीकांना चालत नाही, म्हणून 'म' गळाला आणि उपरा 'ब' घरमालक झाला.) उसना शब्द सहसा एकटा येतो, कुटुंब घेऊन येत नाही.

हे कुटुंब आपल्या रोजच्या बोलण्यातही पसरलेलं आहे. मराठी 'मेला' हा 'मृत'वरूनच आला. पोर्तुगीज 'मोर्तु', 'मोर्ति' त्याच मुळाचे. फारसीतून आलेला 'मर्द' मुळात 'मर्त्य', म्हणजे मरणाधीन असलेला तो माणूस. आणि गोव्यात आंब्रोज नावाची माणसं आहेत. चौथ्या शतकातल्या मिलानच्या बिशपचं हे नाव, मूळ ग्रीक 'अम्ब्रोसिओस'. आंब्रोज आणि अमर ही एकाच अर्थाची, एकाच मुळाची नावं आहेत.

शब्द एक असले तरी गोष्टी एक नाहीत, आणि इथे बहुतेक लेखांत घोटाळा होतो. ग्रीक कथेत समुद्रमंथन नाही, मोहिनी नाही, राहूही नाही. होमरच्या ऑडिसी या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात कबुतरं देवांचा राजा झ्यूस याच्यासाठी अँब्रोशिया वाहून आणतात. शिवाय अँब्रोशिया हा फक्त खाण्याचा पदार्थ नाही. होमरच्याच इलियडच्या चौदाव्या सर्गात झ्यूसची राणी हेरा नटताना अँब्रोशियाने अंग स्वच्छ करते. सोळाव्यात सार्पेदोन या योद्ध्याच्या मृतदेहाला तो चोपडतात. एकोणिसाव्यात पात्रोक्लोस या योद्ध्याचं प्रेत नासू नये म्हणून समुद्रदेवता थेतिस त्याच्या नाकपुड्यांत अँब्रोशिया आणि तांबडा नेक्टर सोडते. म्हणजे अर्थाचा गाभा 'चव' नव्हे, 'न नासणं' आहे. भाषांतर करणाऱ्यांनी म्हणून सरसकट 'अमृतप्राशन' लिहू नये. होमरमध्ये अँब्रोशिया बहुतेकदा खायचा आणि नेक्टर प्यायचा. पुढच्या कवींनी मात्र हा नियम पाळलेला नाही : आल्कमानचे देव नेक्टर खातात आणि साफोच्या कवितेत अँब्रोशिया मद्यासारखा कालवला जातो.

नेक्टरविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एक मत असं : 'नेक्' म्हणजे मृत्यू (लॅटिन 'नेक्स', संस्कृत 'नश्') आणि 'तर' म्हणजे ओलांडणं, जे आपल्या 'तरणे'मध्ये आहे. म्हणजे नाशाला तरून नेणारं. दुसरं मत, की हा शब्द ग्रीकांनी पूर्वेच्या शेजाऱ्यांकडून घेतला. पहिली फोड मोहक आहे, पण म्हणून ती अँब्रोशियाच्या फोडीइतकी पक्की धरू नये.

बागायतदारांसाठी एक जोड. 'अँब्रोशिया बीटल' नावाचे बारीक भुंगेरे अशक्त झालेल्या झाडांच्या खोडात शिरतात. ते लाकूड खात नाहीत. बोगद्यात बुरशी वाढवून ती खातात, आणि त्या बुरशीला अँब्रोशिया म्हणतात. भोकातून पिठासारखा भुसा काडीच्या आकारात बाहेर येताना दिसला तर तो यांचाच. आणि वनस्पतिशास्त्रात 'अँब्रोशिया' हे नाव ज्या तणाला आहे, त्याच्या परागांनी लोक शिंकून बेजार होतात. आपलं गाजरगवत त्याचंच जवळचं नातलग.

प्रश्न : 'सुरुंग' हा शब्द ग्रीक अप्सरेच्या नावावरून आला असं वाचलं. खाणीतला सुरुंग आणि अप्सरा यांचा काय संबंध? (डिचोली)

अप्सरेवरून नव्हे, पण ज्या शब्दावरून अप्सरेचं नाव पडलं त्याच शब्दावरून.

कथा अशी : सिरिंक्स ही अर्केडियातली वनदेवता. बकऱ्याचे पाय असलेला पान नावाचा देव तिच्या मागे लागला. ती लादोन नदीशी येऊन अडली आणि बहिणींची प्रार्थना करून तिथल्या बोरूंत मिसळून गेली. पानाच्या हाती बोरूच आले. ते त्याने कमी-जास्त लांबीचे कापून मेणाने जोडले आणि पावा केला. ही कथा आपल्याला माहीत आहे ती मुख्यतः रोमन कवी ओव्हिडमुळे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. शब्द मात्र त्याहून कितीतरी जुना. इलियडमध्ये 'सिरिंक्स' म्हणजे गुराख्याचा पावा, आणि एके ठिकाणी भाला ठेवायची नळकांडी. म्हणजे मूळ अर्थ 'नळी', आणि नळीला कथा नंतर चिकटली. शब्द आधी आणि कथा नंतर असं पुराणांत पुष्कळदा घडतं. म्हणून नावाची व्युत्पत्ती कथेतून काढू नये.

नळीवरून पुढचा अर्थ निघाला जमिनीखालच्या वाटेचा, किल्ल्याला वेढा घालणाऱ्यांनी तटाखाली खणलेल्या बोगद्याचा. हा युद्धातला शब्द संस्कृतात 'सुरुङ्गा' होऊन आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आहे, महाभारतात लाक्षागृहातून पांडव निसटतात तिथेही आहे. ग्रीकमध्ये कर्त्याच्या रूपात शेवटी 'क्स' ऐकू येतो, पण बाकीच्या रूपांत अंग 'सिरिंग्' असतं. आणि ज्याला आपण आज 'सि' लिहितो, तो स्वर जुन्या ग्रीकमध्ये 'उ'च्या जवळचा होता. 'सुरिंग्' झालं की 'सुरुंग्' दूर नाही. उलट संस्कृतातल्या कोणत्याही धातूवरून या शब्दाची समाधानकारक फोड होत नाही. 'सु + रंग' ही फोड नंतरची, शब्द ओळखीचा वाटावा म्हणून केलेली. सुरंगीच्या फुलांच्या वळेसरांशीही याचा काही संबंध नाही.

हिंदीत 'सुरंग' म्हणजे अजूनही बोगदा. मराठीत अर्थ सरकला, आणि का सरकला ते स्पष्ट आहे. पूर्वी तटाखाली बोगदा खणून त्याला लाकडाचे टेकू देत आणि मग टेकू जाळत. वरचा तट कोसळे. बंदुकीची दारू आल्यावर बोगदा ठासून उडवू लागले. १६६० मध्ये चाकणच्या वेढ्यात मोगलांनी बुरूज उडवला तो असाच. बोगद्यापेक्षा स्फोट लक्षात राहिला. आज खडीच्या खाणीत ड्रिलने पाडलेलं भोक, त्यात भरलेली दारू आणि तो धमाका, हे सगळं मिळून 'सुरुंग'. बोगद्याला आपण 'बोगदा' म्हणतो. तरी ड्रिलचं ते अरुंद, खोल, गोल भोक पाहिलं की शब्द पुन्हा नळीकडे आला आहे असंच वाटतं.

याच शब्दाची दुसरी वाट दवाखान्यात जाते : सिरिंज. पोर्तुगीजमध्ये ती 'सेरिंगा', आणि ज्या झाडाच्या चिकापासून ब्राझीलचे रहिवासी पिचकाऱ्या करत त्या रबराच्या झाडाला पोर्तुगिजांनी 'सेरिंगेइरा' म्हटलं.

प्रश्न : ग्रीक 'थेओस' म्हणजे देव. हा आपला 'देव'च ना? शाळेत तसं सांगितलं जातं. (मडगाव)

नाही. ही चूक फार पसरलेली आहे आणि समजण्यासारखीही आहे, कारण लॅटिन 'देउस' हा खरोखरच आपला 'देव' आहे. त्यामुळे थेओसही त्याच माळेतला मणी वाटतो.

तपासायची रीत सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी स्वतःलाच करता येईल. पहिल्यांदा दोन्ही शब्दांचं सापडेल तेवढं जुनं रूप घ्यावं. मराठी 'दिस' आणि पोर्तुगीज 'दीय' असे आजचे शब्द समोरासमोर ठेवून काही ठरत नाही. मग पहिल्या व्यंजनाची जोडी घ्यावी आणि तीच जोडी अर्थाने निर्विवाद असलेल्या निदान तीन शब्दांत मिळते का ते पाहावं. एका शब्दातलं साम्य योगायोग असू शकतं.

संस्कृतातल्या 'द'समोर ग्रीकमध्ये काय येतं? 'दश'समोर 'देका', 'दा' (देणे) समोर 'दिदोमि', 'दम्'समोर 'दामाझो'. 'द'ला 'द'. आणि 'थ' कुठे येतो? संस्कृतात 'ध' असतो तिथे : 'धा' (ठेवणे) समोर 'तिथेमि', 'धूम'समोर 'थूमोस'. लॅटिनमध्ये अशा 'ध'चा शब्दारंभी 'फ' होतो, म्हणून धुराला 'फूमुस' आणि पोर्तुगीजमध्ये 'फुमु'. आता थेओसचा 'थ' आपल्या 'देव'च्या 'द'समोर बसत नाही. तो बसायचा तर संस्कृतात 'धेव' हवा होता. तसा शब्द नाही.

मग थेओसचे नातलग कुठे आहेत? लॅटिनमध्ये 'फ'ने सुरू होणाऱ्या, धर्मविधीशी संबंधित शब्दांत शोधावे लागतात, आणि मिळतात : 'फेरिए' म्हणजे देवकार्याचे, सुट्टीचे दिवस आणि 'फेस्तुस' म्हणजे सणाचा. पहिल्यापासून पोर्तुगीज 'फेइरा', दुसऱ्यापासून 'फेश्ता'. गोव्यात ते आजही एका दमात बोलले जातात : चर्चचं फेस्त आणि फेस्ताची फेरी. थेओसचं नातं देवाशी नाही, पण फेरीत खाजें विकत घेताना तुम्ही त्याच्या गोतावळ्यात उभे असता.

खऱ्या 'देव'चे ग्रीक नातलगही आहेत, पण ते झ्यूसच्या घरात. झ्यूस म्हणजे आपला 'द्यौः'. ग्रीकमध्ये शब्दारंभीच्या 'द्य'चा 'झ' होतो, आणि षष्ठीत मूळचा 'द' परत दिसतो : ग्रीक 'दिओस', संस्कृत 'दिवः'. 'द्यौष्पिता', 'झ्यूस पातेर' आणि लॅटिन 'ज्युपितेर' हे तिघे एकच. मूळ अर्थ उजळ आकाश, म्हणून देव आणि दिवस हे शब्दही एकाच मुळाचे.

कोकणीतलं अभिवादन घ्या : 'देव बरो दीस दिवं'. यात 'द'ने सुरू होणारे तीन शब्द आहेत. 'देव' आणि 'दीस' एका मुळाचे. 'दिवं' मात्र 'दा' धातूचा, देण्याचा. कानाला तिघेही सारखेच जवळचे, पण नातं दोघांचंच.

प्रश्न : पँडोराची पेटी नेमकी कशाची होती? आणि 'पँडोरा'चा अर्थ काय? (पेडणे)

पँडोरा ही ग्रीक कथेतली पहिली स्त्री. तिने झाकण काढलं आणि जगातली सगळी दुःखं बाहेर पडली, अशी ती गोष्ट. पेटी मात्र नव्हतीच. प्राचीन ग्रीक कवी हेसिओदच्या 'कामं आणि दिवस' या काव्यात शब्द आहे 'पिथोस'. हा भाजक्या मातीचा मोठा रांजण. धान्य, तेल, मद्य साठवायचा. क्रीट बेटावरच्या क्नोसोसच्या राजवाड्यातले काही पिथोस पुरुषभर उंचीचे आहेत. असा रांजण पुष्कळदा अर्धा जमिनीत पुरत, म्हणजे आतला माल थंड राही आणि रांजण कलंडत नसे. काजूचा नीरो (रस) आंबवायला जमिनीत अर्धं पुरलेलं मातीचं कोडें (मोठं भांडं) ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पिथोस डोळ्यांपुढे आणायला कष्ट नकोत. ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिस ज्या 'टब'मध्ये राहायचा म्हणतात तोही पिथोसच.

पेटी आली भाषांतरातून. डच विद्वान इरास्मसने १५०८ च्या आपल्या म्हणींच्या संग्रहात ही गोष्ट लॅटिनमध्ये देताना 'पिथोस'च्या जागी 'पिक्सिस' लिहिलं. पिक्सिस म्हणजे हातात मावणारी झाकणाची डबी. तिथून ती साऱ्या युरोपच्या भाषांत गेली. बदल लहान दिसतो, पण त्याने गोष्ट फिरते. डबी पँडोरा बरोबर घेऊन येऊ शकते आणि कुतूहलाने उघडू शकते. जमिनीत रोवलेला रांजण ती घेऊन येत नाही. तो घरातला कोठार-रांजण आहे आणि त्याचं झाकण काढणं हे घरच्या बाईचं रोजचं काम. हेसिओद एवढंच म्हणतो की तिने हातांनी मोठं झाकण काढलं. 'उघडू नकोस' असं तिला कुणी बजावल्याचा उल्लेख नाही. ताकीद होती ती तिच्या नवऱ्याला, एपिमेथिउसला, की झ्यूसची भेट घेऊ नकोस. कुतूहलाचा दोष तिच्या माथी नंतरच्यांनी मारला, आणि तो अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

नाव : 'पान' म्हणजे सर्व आणि 'दोरोन' म्हणजे दान. हे आपलं 'दान'च, वरच्या 'द'ला 'द' या नियमाने. हेसिओद अर्थ लावतो तो 'सर्व देवांनी जिला दान दिलं ती'. पण व्याकरणाने 'सर्व देणारी' हाही अर्थ होतो आणि तो भूमीला शोभतो. एका प्राचीन ग्रीक पात्रावर याच स्त्रीचं नाव 'अनेसिदोरा', म्हणजे दानं वर पाठवणारी, असं रंगवलेलं आहे. तेओदोर या नावात हेच 'दोरोन' आहे : थेओस आणि दोरोन, म्हणजे देवदत्त. दोरोतेया म्हणजे तेच तुकडे उलट क्रमाने.

रांजणात शेवटी जी राहिली ती 'एल्पिस'. तिचं भाषांतर 'आशा' असं करतात. 'अपेक्षा' अधिक जवळचं आहे, कारण ग्रीकमध्ये वाईटाचीही एल्पिस असू शकते.

प्रश्न : पोर्तुगीज कवी कामोइंशच्या काव्यातला अदामास्तोर हा राक्षस ग्रीक पुराणात कुठे सापडेल? (पणजी)

त्या रूपात सापडणार नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या वादळी केपवर (केप ऑफ गुड होप) पोर्तुगीज जहाजांना अडवणारा अदामास्तोर ही कामोइंशची स्वतःची निर्मिती. त्याचं काव्य 'उझ लुझिआदश' १५७२ मध्ये छापलं गेलं. अदामास्तोर त्याच्या पाचव्या सर्गात येतो आणि आपण भूमीच्या राकट पुत्रांपैकी एक असल्याचं सांगतो. म्हणजे कवीने त्याला ग्रीक दैत्यांच्या कुळात नेऊन बसवलं. नाव मात्र अस्सल ग्रीक धाटणीचं : 'अदामास्तोस' म्हणजे ज्याला दमवता, वश करता येत नाही तो. अ आणि दम्. आपला 'अदम्य' तुकड्यातुकड्याने तोच. त्याच धातूचा 'अदामास' म्हणजे न फुटणारा, अतिकठीण पदार्थ. त्यावरून पोर्तुगीज 'दियामांती', इंग्रजी डायमंड. कामोइंश १५५३ मध्ये गोव्यात पोहोचला तो हे केप ओलांडूनच. जुन्या गोव्याच्या पुराणवस्तू संग्रहालयात त्याचा उंच ब्राँझचा पुतळा आहे.

प्रश्न : वास्कोजवळच्या सां जासिंतो बेटाचं नाव ग्रीक कथेतल्या हायसिंथवरून पडलं का? (वास्को)

थेट नाही. बेटाचं नाव ज्या संताच्या नावाचं, तो तेराव्या शतकातला पोलंडचा डॉमिनिकन साधू, मृत्यू १२५७, संतपद १५९४. पण 'जासिंतो' हे पोर्तुगीज रूप ग्रीक 'हियाकिंथोस'चंच. अपोलो या देवाने फेकलेल्या थाळीने डोक्याला लागून मेलेला तो स्पार्टाकडचा देखणा तरुण. त्याच्या रक्तातून फूल उगवलं आणि पाकळ्यांवर 'आय, आय' असा विलाप उमटला. आज ज्याला हायसिंथ म्हणतात त्यावर अशा खुणा नाहीत, म्हणून कथेतलं फूल वेगळं असावं असं बहुतेकांचं मत आहे. तळ्यांत माजणारी जलपर्णी, इंग्रजीत वॉटर हायसिंथ, ही तर दक्षिण अमेरिकेची. फुलांच्या तुऱ्यामुळे तिला ते नाव मिळालं.

शब्द ग्रीकही नाही. '-इंथोस' हा शेवट कोरिंथोस, लाबिरिंथोस अशा शब्दांत येतो आणि तो ग्रीक भाषा त्या भूमीत येण्यापूर्वीच्या लोकांचा मानतात. अँब्रोशियासारखी याची फोड करायला जाऊ नये.

ग्रीकमध्ये हेच नाव एका रत्नालाही होतं. ते पूर्वेकडे गेलं आणि अरबीत 'याकूत' झालं. सोनाराच्या दुकानात याकूत म्हणून जो माणकासारखा खडा दाखवतात, त्याचं नाव आणि झुवारीतल्या त्या बेटाचं नाव एकच आहे.